कुंपणाची तार, शून्य

सुगत, तू गेल्याला आज सतरा दिवस झाले आणि गावात तुझ्याबद्दल एकच वाक्य फिरतंय. ‘एवढा शिकलेला पोट्टा, आन मिटर न लावता हात घातला.’ चहाच्या टपरीवर तेच, एसटीच्या थांब्यावर तेच. पुण्यानुमोदनाला विहारात जमलेल्या तुझ्या माणसांतही तेच, फक्त तिथं आवाज खाली होता. वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे पुराव्यानिशी सांगू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे मी, आणि पोलिसांच्या कागदावर ते वाक्य माझ्याच सहीनं गेलंय.

तू असतास तर आधी माझं थोबाड फोडलं असतंस आणि मग विचारलं असतंस, ‘‘काहून बे गजा?’’ आपल्यात क्रम नेहमी हाच असायचा.

एकाच गावचे असून आपली ओळख झाली ती अमरावतीत, पॉलिटेक्निकला. हिवरखेडच्या पुढचं आपलं एवढंसं गाव, पण माझं घर नाल्याच्या या बाजूला आणि तुझं त्या बाजूला, आणि नाल्याला पाणी नसलं तरी तो ओलांडायला आपल्या घरच्यांना पिढ्या लागल्या. तुझी आई आमच्या शेतात निंदायला यायची. हे तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस आणि मी कधी विसरलो नाही. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत आपल्याला एका टेबलावर बसवलं. तू जोडलेल्या सर्किटला मी काही न बघता बारा व्होल्ट लावले. पाचाचं होतं ते. कपॅसिटर फुटला आणि त्याचं पत्र्याचं टोपण तुझ्या डोळ्याखालची कातडी घेऊन गेलं. तू टेबल ओलांडून आलास. माझा समोरचा दात तेव्हापासून अर्धा आहे. शिपायानं आपल्याला ओढून वेगळं केलं, सरांनी दोघांना एकाच रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं, आणि तिथल्या बाकावर गालाला कापूस दाबून तू मला तासभर शिकवलंस की प्रत्येक वस्तूची सोसायची एक हद्द असते, ती विचारल्याशिवाय तार लावायची नाही. ‘‘मिटर आधी, हात मंग. डोक्यात घुसलं का?’’ मी तोंडातलं रक्त थुंकून मान हलवली. इतकं नीट मला कुणीच काही शिकवलं नव्हतं.

तुझा हात फार चालायचा, सुगत. तू गेलास म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही. पॉलिटेक्निकनंतर अकोल्यात घेतलेल्या आपल्या दोन खोल्यांत तू मला तापलेलं सोल्डरिंग आयर्न फेकून मारलंस, त्याचा चट्टा डाव्या मनगटावर आहे. मीही काही साधू नव्हतो. तू माझ्या बाबांना टोमण्यानं ‘मालक’ म्हणालास तेव्हा मी तुझ्या पाठीत स्टूल घातलं होतं. तू आठ दिवस कुबड काढून चालत होतास आणि वर म्हणत होतास, ‘‘मंग काय म्हनू? माही माय त्याले मालकच म्हनते.’’ तो वाद आपला संपला नाही. मी म्हणायचो, तू काका म्हण. तू म्हणायचास, आधी तुझ्या बापाला म्हणावं, माझ्या आईला नावानं हाक मारणं सोड, वहिनी म्हण. मी बाबांना हे कधी सांगितलं नाही. आणि गेल्या दिवाळीपासून तू आपण होऊनच त्यांना काका म्हणायला लागलास. काहून, ते विचारायचं राहिलं.

मावशींना, तुझ्या आईला, रानडुकरानं फाडलं ते आमच्याच तुरीत. त्या निंदायला वाकल्या होत्या, पाठीमागून आलं. सुळ्यानं मांडी गुडघ्यापर्यंत उसवली होती. आत पांढरं दिसत होतं. आपण दोघं नेमके त्या दिवशी गावात होतो. तू त्यांच्याच लुगड्यानं मांडी आवळलीस, मी गाडी काढली, त्यांना मधे धरून आपण हिवरखेड गाठलं आणि तिथून अकोला. रस्ताभर त्या एकच म्हणत होत्या, ‘‘विळा तिथंच राह्यला, विळा तिथंच राह्यला.’’ संध्याकाळी दवाखान्याच्या नळावर तू गाडीची सीट धूत बसलास. पाणी पांढरं झालं तरी धूतच होतास. मग म्हणालास, ‘‘गजा, डुक्कर येते हे मानसाले आधी समजलं पाह्यजे. दहा मिनिटं आधी. बस.’’

त्या दहा मिनिटांसाठी आपण तीन वर्षं घातली. आपल्या डबीचं नावही तूच ठेवलंस, राखण. आत तळहाताएवढा बोर्ड. तो सगळा वेळ झोपलेला, जनावराची चाहूल लागली की जागा होणार, रेडिओवरून शेतातल्या माळ्यावरच्या भोंग्याला कळवणार आणि परत झोपणार. एका लहान सेलवर अख्खा हंगाम. मी त्याला खोखो हसलो होतो, कारण एवढ्या कमी विजेत तर आमच्या घरची घंटीही वाजत नाही. तू ते करून दाखवलंस. तुझ्या बोर्डाची सगळी दुनिया तीन पॉइंट तीन व्होल्टची होती, त्याच्या वर काही नको, काही चालणार नाही.

आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही.

बोर्डात प्रोग्राम भरायला आपण जे स्वस्तातलं यंत्र वापरायचो, ते लॅपटॉपच्या पाच व्होल्टवर चालायचं. त्याच्यावर तीन आणि पाच अशी एक सरकवायची पिन असते. ती तीनवर सरकवली की काम झालं असं सगळेच समजतात, मीही समजायचो. तू मीटर लावून दाखवलंस की ती पिन फक्त बोर्डाला जाणारी वीज उतरवते. प्रोग्राम ज्या तारांतून जातो त्यांत पाच व्होल्ट तसेच असतात. मुख्य चिप पाच सोसते. पण त्याच तारांवर आपला रेडिओही बसलेला, आणि त्याला तीनाच्या वर सोसत नाही. बरं, तो जागच्या जागी मरतही नाही, सगळी भानगड तिथंच आहे. आतून अर्धा जळतो. टेबलावर बोलतो आणि शेतात मुका होतो. म्हणून तू दोघांच्या मधे बसवायला एक पट्टी केलीस, इकडचे पाच तिकडे तीन करून देणारी. आपण तिला मधली पट्टीच म्हणायचो. तिच्यातून प्रोग्राम हळू जायचा. एका बोर्डाला चार-पाच मिनिटं, मधेच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. मला कंटाळा यायचा आणि तू म्हणायचास, ‘‘बोर्डाच्या चालीनं चाल बे, तुह्या चालीनं नको.’’

हरभरा पेरायच्या आधी तू मावशींना पाय दाखवायला अमरावतीला घेऊन गेलास. बत्तीस बोर्ड माझ्यावर सोडून गेलास. पहिले दोन पट्टी लावून करायला गेलो, दोन्ही पाच-सहादा तुटले. माझ्या डोक्यात राख गेली. मी पट्टी उपटली आणि टेबलाखाली फेकली. सरळ तारा लावल्या. एकेक बोर्ड वीस सेकंदांत. प्रत्येकाला पडद्यावर ‘पूर्ण’ असं यायचं आणि मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटायचं. चार वाजता बत्तीसही टेबलावर एकमेकांशी बोलत होते. तू आलास, बोर्ड बघितलेस, खूश झालास. मग विचारलंस, ‘‘पट्टी लावली होती ना?’’

मी म्हणालो, ‘‘हाव.’’

एवढाच एक शब्द, सुगत. तू माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाहीस, इतका तुझा विश्वास होता.

डब्या आमच्या शेतात लावल्या, कारण गावात दुसरं कुणी तयार नव्हतं आणि माझे बाबा कसेबसे तयार झाले होते. पंधरा दिवसांत एकेक डबी मुकी होत गेली. हरभऱ्याला घाटे धरले आणि डुकरांच्या कळपानं अर्धा एकर नांगरल्यासारखा उलटा केला. भोंगा वाजला नाही. आमच्या मोत्या कुत्र्यानं एकट्यानं कळप अडवला तर त्याचं पोट फाटलं. बाबांनी त्याची आतडी हातानं आत लोटली, धोतर फाडून बांधलं, आणि तो त्यांच्या मांडीवर ओरडत ओरडत मेला. बाबा तुझ्यासमोर डबी घेऊन आले, दगडावर ठेवली आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठेचली. ‘‘घाला चुलीत तुमची राखन. मी लावतो तार.’’ तू म्हणालास, ‘‘काका, महिनाभर थांबा. चूक माही आहे, मी काहाडतो.’’ ते थांबले नाहीत. बांबूच्या खुंट्या ठोकल्या, उघडी तार ओढली आणि मोटरच्या पेटीतून तिला लाईन दिली.

आणि तू महिनाभर तुझी चूक शोधत बसलास. तुला वाटलं अँटेना चुकली. चार तऱ्हेच्या केल्यास, कापल्यास, फेकल्यास. एकदा तू भिंतीवर डोकं आपटलंस, चांगलं दोन-तीनदा, भिंतीचा चुना तुझ्या कपाळाला लागला. ‘‘मी गधा आहो बे. मले साधं अँटेना येत नाई.’’ मी तुला धरलं, पाणी दिलं, समजूत घातली. मूग गिळून समजूत घातली. त्या महिन्यात कुठल्याही दिवशी मी चार शब्द बोललो असतो तर तू माझे उरलेले दात पाडले असतेस, बत्तीस रेडिओ बदलले असतेस आणि आज जेवायला घरी असतास. मला मार खायची भीती नव्हती. मला तुझ्यासमोर पुन्हा तो बारा व्होल्टवाला पोरगा व्हायचं नव्हतं.

त्या सोमवारी आपण अकोल्याहून सहाला निघालो. थंडी अशी की अकोट येईपर्यंत माझी बोटं ब्रेकवर थिजली. तुझ्या पिशवीत नव्या अँटेना होत्या आणि तू मागे बसून शिट्टी वाजवत होतास. शेतात बाबा विहिरीजवळ चहा पीत बसले होते. तू आधी तार बघितलीस. 

‘‘काका, याच्यात लाईन आहे का?’’

‘‘राती असते. आता कायची लाईन? पाळी रातची हाये.’’

एवढ्यावर दुसरा कुणी कामाला लागला असता. मी लागलोच. मी रिसिव्हर घेऊन पलीकडच्या माळ्यावर गेलो. तिथून मला दिसलं, तू उकिडवा बसलास, मीटरची एक टोकणी तारेला आणि दुसरी ओल्या मातीत खुपसलीस, बघितलंस, वही काढून लिहिलंस, पेन कानाला लावलंस. मग डबीच्या लोखंडी खांबाला हात घातलास. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. 

शेतीची लाईन एक आठवडा रात्री येते, पुढचा आठवडा दिवसा. पाळी सोमवारी बदलते. आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. बाबांना ठाऊक होतं, मला होतं, तुलाही होतं. त्या सोमवारी तिघांपैकी एकालाही सोमवार आठवला नाही. मोटर ऑटोवर होती, लाईन आली की आपोआप सुरू होणारी, आणि तार त्याच पेटीला.

मला आधी पाण्याचा आवाज आला. पाटात पाणी पडलं. पाणी आलं की मान वळतेच, तशी वळली, आणि बरं वाटलं. हे बरं वाटणं मी आयुष्यभर कुठं ठेवू, मला कळत नाही. मग तू दिसलास. एक हात खांबाला, मांडी तारेला, आणि तारेनं तुला धरून ठेवलेलं. तुझे दात बाहेर आले होते. टाच माती उकरत होती. तोंडातून जो आवाज येत होता तो माणसाचा नव्हता. मी सऱ्यांत दोनदा पडत धावलो, बांबूची खुंटी उपटली आणि तुझ्या मनगटावर मारली. तिसऱ्या घावाला मनगट मोडल्याचा आवाज आला, तरी बोटं सुटली नाहीत. बाबांनी पेटीतला फ्यूज ओढला तेव्हा तू सुटलास. केस जळल्याचा वास येत होता. मी तुझी छाती दाबली. इतकी दाबली की बरगडी तुटलेली हाताला कळली. तुझ्या नाकातून लाल फेस आला आणि मी दाबतच राहिलो, शिव्या देत, तुझ्या बापाच्या, माझ्या बापाच्या. पाणी पाटातून हरभऱ्यात शिरत होतं.

मी वर बघितलं तेव्हा बाबा खुंट्या उपटून तार गुंडाळत होते. भराभरा, अंगठा आणि कोपरात घेऊन, दोर गुंडाळतात तशी. 

‘‘काय करून राहिले तुमी?’’

‘‘गेला तो, गजानन. आता त्याच्या मांगं मलेबी धाडतं का?’’ त्यांचे हात थांबत नव्हते. ‘‘पोलीस ईन. सांग, मोटर पाह्याले पेटीत हात घातला त्यानं. मिटर लावलं नाई. बस एवढंच सांग.’’

तेवढ्यात शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून मावशी आल्या. तो पाय ओढत, कुणीतरी सांगितलं म्हणून धावत. बाबांनी त्यांनाही तेच सांगितलं, पेटीत हात, मीटर नाही. मावशी तुझ्याजवळ बसल्या. आम्हाला वाटलं आता हंबरडा फोडतील. त्यांनी तुला थोबाडीत मारली, उजव्या गालावर. मग परत, मग परत. तुझी मान इकडून तिकडे जात होती. ‘‘जगाले सांगत फिरला ना, मिटर लाव, मिटर लाव. मंग सोता काहून नाई लावलं रे? काहून नाई पाह्यलं?’’ त्यांच्या मागोमाग आलेल्या बायांनी त्यांना मागे ओढलं. तुझी वही तेव्हा माझ्या शर्टाच्या आत होती, पोटाला घामानं चिकटलेली. मातीतून उचलून मी ती तिथं घातली होती. मी ती बाहेर काढली नाही. दुपारी ठाण्यात जबाब लिहिला गेला, मी न वाचता सही केली.

तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला आपल्या खोलीवर गेलो. तू तुझ्या हातानं पट्टी लावून भरलेला पहिला बोर्ड खिडकीत होता. तो सुरू करून ठेवला आणि रिसिव्हर घेऊन चालत सुटलो. पार रेल्वेचे रूळ ओलांडेपर्यंत तो माझ्याशी बोलत राहिला. तुझी अँटेना पहिल्या दिवसापासून बरोबर होती, सुगत. परत येऊन मी दुरुस्तीला खोलीवर आणलेले माझ्या हातचे बोर्ड हातोड्यानं फोडले, एकेक मोजून. चिपचा तुकडा तळहातात घुसला, तो अजून निघालेला नाही. ते यंत्रही फोडणार होतो. मग वाटलं, त्याचा काय दोष, ते बिचारं पाचाचंच होतं.

त्यानंतर बारा दिवस मी काय केलं विचारशील तर काही नाही. तुझ्यावर चिडलो. खरंच चिडलो. एवढा भरवसा काय ठेवायचा एखाद्या मित्राच्या ‘हाव’वर? दुसरा कुणी असता तर त्यानं एक बोर्ड उघडून तपासला असता. तार तपासलीस, बाबांचा शब्द तपासलास, मला तेवढं तपासलं नाहीस. मग तुझी वही उघडली की राग जायचा.

परवा मी बाबांना सांगितलं, मी जबाब बदलणार. त्यांनी कोपऱ्यातली बैलगाडीची उभारी उचलली आणि माझ्या खांद्यावर घातली. दुसरा घाव मी हातावर झेलला आणि उभारी हिसकताना त्यांना धक्का दिला. ते ओट्याच्या कोपऱ्यावर पडले. भुवईतून रक्त आलं. बापाला पाडलं मी, सुगत. ते उठले नाहीत, तिथंच बसून राहिले. ‘‘मी इसरलो रे,’’ म्हणाले. ‘‘सोमवार हाय हे इसरलो. मी का त्याले माराले तार लावली होती? तो मले काका म्हने.’’ मी त्यांच्या भुवईला हळद लावली. ते म्हणाले, ‘‘जाय, दे लिहून. पन मंग या घरात येऊ नको.’’ मी म्हणालो, बरं.

काल नाला ओलांडून तुझ्या घरी गेलो. मावशी गहू निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मीही बसलो नाही. वही काढली आणि ते पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं, विहारात ग्रंथ वाचतात तसं, एकेक अक्षर. ‘कुंपणाची तार. शून्य. नऊ वाजून पाच.’ 

‘‘हे काय आहे?’’

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तारेचं, पाळीचं, नऊ वीसला लाईन आल्याचं, बाबांनी तार गुंडाळल्याचं, माझ्या सहीचं. मग पट्टीचंही. ते त्यांना कितपत कळलं ठाऊक नाही, पण मी सांगत गेलो, की डब्या माझ्यामुळं मुक्या झाल्या, तू तुझी नसलेली चूक दुरुस्त करायला आला होतास. सांगून झाल्यावर त्यांनी फक्त पहिल्या गोष्टीचंच विचारलं.

‘‘म्हनजे त्यानं मिटर लावलं होतं?’’

‘‘लावलं होतं, मावशी. मी पाह्यलं.’’

‘‘आन तू हे सोळा दिवस पोटाशी धरून बसला.’’

मला वाटलं आता सूप माझ्या डोक्यात बसेल. बसलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी वही मला परत दिली. ‘‘ठान्यात घेऊन जाय. पन त्या पानाचं झेरॉक्स मले आनून दे. आधी ते.’’

आज सकाळी हिवरखेडला झेरॉक्स काढली आणि ठाण्यात गेलो. पुरवणी जबाब लिहून घ्यायला दीड तास लागला. बाबांचं नाव सांगितलं तेव्हा हवालदारानं पाण्याचा ग्लास सरकवला. मी बोर्डाचं आणि पाच व्होल्टचं सांगायला लागलो तर तो म्हणाला, ते डबीचं राहू द्या, त्याचा इथं संबंध नाही. माझी चूक कुठल्याही कलमात बसत नाही, म्हणून ती तुला लिहून देतोय. कागद पुढं आला. या वेळी मी आधी वाचला, पहिल्या ओळीपासून, आणि मग सही केली.

दुपारी झेरॉक्स घेऊन तुझ्या घरी गेलो. मावशींनी ती घेतली, घडी न घालता तुझ्या फोटोच्या चौकटीत मागून सरकवली आणि चौकट मांडीवर घेतली. मग पदरानं काच पुसली आणि तुझ्या उजव्या गालावर, काचेवरून, हात फिरवत राहिल्या.

‘‘उगाच मारलं रे तुले, लेकरा,’’ म्हणाल्या. ‘‘तू पाह्यलं होतं.’’

मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘‘तू आता जाय,’’ म्हणाल्या, आणि मी निघालो.